महिना पाचशे रुपयांत दोन पोरं घरी शिकवायची तर

पारोळ्याहून एका ताईंनी विचारलंय. मुलगा 11 वर्षांचा, मुलगी 8 वर्षांची. यजमान जिनिंगमध्ये कामाला. कापसाचा हंगाम असतो तोवर बरं चालतं, पुढे ओढाताण. दोन्ही मुलं इंग्रजी माध्यमात होती. फी थकली, व्हॅनचं भाडं वाढलं, आणि एवढं करून मुलीला ना मराठी धड वाचता येत ना इंग्रजी. ताई स्वतः बारावी झालेल्या, घरात बोलणं अहिराणीत. त्यांचे शब्द असे: ‘महिन्याला पाचशेच्या वर एक रुपया निघणार नाही. एवढ्यात दोघांना घरी शिकवता येईल, की सासूबाई म्हणतात तसं माझं डोकं फिरलंय?’

ताई, डोकं फिरलेलं नाही. मी अमळनेरला राहते, शिवणकाम करते. मोठ्याला तिसरीतून काढलं, धाकटी तर पहिलीपासून घरीच होती. दोघांची दहावी मुक्त विद्यालयातून झाली. त्यानंतर ओळखीतल्या सात-आठ घरांना हे सुरू करून दिलं. त्यातली तीन घरं वर्षाच्या आत थांबली. पैसे कमी पडले म्हणून एकही थांबलं नाही. रोज बसायला माणूस नव्हता म्हणून थांबली. पाचशे रुपये पुरतात, थोडे उरतातही. पण रोज सकाळी दोन तास, मोबाइल आतल्या खोलीत ठेवून, गॅसवर काही न चढवता पोरांजवळ बसणं जमेल का, हे आधी स्वतःला विचारा. मधूनमधून नाही, रोज.

जमणार नसेल तर जवळची जिल्हा परिषदेची शाळा बरी. तिथे फी नाही, पुस्तकं मिळतात, दुपारची खिचडी मिळते, आणि गुरुजी हौशी निघाले तर माझ्यासारखीने घरी बसून जमवलं त्याहून जास्त मिळतं. घरी शिकवणारी असून मी हे सांगतेय. पोरं जि.प.त घालून, खाली लिहिलंय त्यातलं निम्मं सकाळ-संध्याकाळ करणारी दोन घरं माझ्या माहितीत आहेत. त्यांचं छान चाललंय.

घरीच करायचं ठरलं, तर पुस्तकाआधी कागदांचं बघा. अभ्यास मागे पडला तर भरून निघतो. कागद राहिला तर पोरगं अठराचं झाल्यावर तहसीलच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. शाळा सोडल्याचा दाखला घ्या. हातात पडला की तिथेच उभं राहून वाचा: नावाचं स्पेलिंग, जन्मतारीख, जन्मठिकाण, जात. जातीचा दाखला, पुढे पडताळणी, दहावीचा फॉर्म, सगळीकडे हाच कागद मागतात. माझ्या धाकटीचा दाखलाच नव्हता, कारण तिचं नाव कुठे लागलंच नव्हतं. जातीच्या दाखल्यासाठी तिच्या वडिलांचे आणि आजोबांचे शाळेचे उतारे काढत दोन महिने गेले. तुमच्या पोरांची नावं लागलेली आहेत, हे भाग्य समजा. फी थकली म्हणून दाखला अडवला, तर लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. शिक्षणहक्काच्या 2009 च्या कायद्यातलं पाचवं कलम सांगतं की मूल दुसऱ्या सरकारी किंवा अनुदानित शाळेत जायला निघालं तर मुख्याध्यापकाने दाखला लगेच द्यायचा, उशीर केला तर त्यांच्यावर कारवाई होऊ शकते. जि.प.चा पर्याय उघडा ठेवायचा तो याहीसाठी.

त्याच कायद्याच्या दहाव्या कलमात 6 ते 14 वर्षांच्या मुलाला शाळेत घालणं हे पालकाचं कर्तव्य म्हटलंय, पण न घातलं तर पालकाला शिक्षा अशी तरतूद त्यात नाही. म्हणजे घरी शिकवायला धड परवानगी नाही आणि धड बंदीही नाही. शाळाबाह्य मुलांचं सर्वेक्षण निघालं की गुरुजी किंवा बाई दारात येतील. दार लावून बसू नका. चहा ठेवा, वह्या पुढे करा. आमच्याकडे आलेल्या एका बाईंनी धाकटीला गणित घातलं, तिने सोडवलं, आणि जाताना बाई स्वतःकडची जुनी स्वाध्यायपुस्तिका देऊन गेल्या. चौथ्या कलमाने मूल परत शाळेत जायचं म्हणालं तर त्याला वयाला शोभेल त्या वर्गात घेतात, म्हणजे परतीची वाट बंद होत नाही. जातं ते वेगळंच: नवोदयची परीक्षा, शिष्यवृत्ती, शालेय खेळांच्या स्पर्धा. यांना शाळेत नाव लागतं. मुलाच्या मनात नवोदय असेल तर आत्ताच विचार करा, नंतर हळहळ नको.

आता माझी फजिती. पहिल्याच वर्षी एक गोड बोलणारा माणूस दारात आला. टॅबलेट, त्यात पहिली ते आठवीचा सगळा अभ्यास, चित्रं हलतात, गाणी वाजतात, आणि हप्त्याने. मला वाटलं, मी बारावी शिकलेली, मला काय शिकवता येणार, यंत्र तरी शिकवेल. ब्लाउज शिवून अठरा महिने हप्ते फेडले. पोरांनी तो पाच आठवडे पाहिला. धाकटी म्हणाली, ‘मम्मी, तो इचारस, पन ऐकस नही.’ तो विचारतो, पण ऐकत नाही. तेव्हापासून माझ्याकडे कोणी ‘काय विकत घेऊ?’ असं विचारलं की मी सांगते, पहिले तीन महिने काहीच नको. फक्त वह्या.

वह्यांत मात्र हात आखडू नका. मुलीला दुरेघी आणि चौकटीची, मुलाला एकेरी आणि चौकटीची. दोघांच्या मिळून महिन्याला चार-पाच संपल्याच पाहिजेत. जूनच्या आधी डझनाने घेतल्या की स्वस्त पडतात. पाटी एक घ्या, दगडी मिळाली तर उत्तम. चुकलेलं पुसता येतं म्हणून मूल पाटीवर धाडस करतं, वहीवर दबकतं. पाठ्यपुस्तकं निकाल लागल्यावर गल्लीतल्या पुढच्या वर्गात गेलेल्या मुलांकडून मागा, नाहीतर रद्दीवाल्याकडे किलोवर मिळतात. बालभारतीची सगळी पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर पीडीएफमध्ये फुकट आहेत. अख्खं पुस्तक छापून आणू नका, वाचायचा धडा मोबाइलवर वाचा आणि गणिताच्या उदाहरणसंग्रहाचं पानच तेवढं झेरॉक्सवाल्याकडून काढा. बालभारतीचंच ‘किशोर’ मासिक 1971 पासून निघतंय आणि त्याचे जुने अंक इंटरनेटवर वाचायला ठेवलेत. ते वाचायला लागलात तर पोरांआधी तुम्हीच अडकाल. अरविंद गुप्तांच्या संकेतस्थळावर टाकाऊतून करायची खेळणी आहेत आणि मराठीत पुस्तकंही भरपूर, सगळं मोफत. माहिती काढायला मराठी विश्वकोश आहे. तो ज्यांनी उभा केला ते तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी आपल्याच पिंपळनेरचे. मुलाला हे सांगा, मग तो नोंद उघडेल तेव्हा जरा कॉलर ताठ करून उघडेल.

आणि गावातलं वाचनालय. 1967 च्या ग्रंथालय कायद्यामुळे तालुक्या-तालुक्यात अनुदानावर चालणारी वाचनालयं आहेत. बालविभागाची अनामत आणि वर्गणी किरकोळ असते. बाईने पोरांना घेऊन दर आठवड्याला जावं असं तिथे कोणाला वाटत नाही, तुम्ही जा. महिनाभरात ग्रंथपाल तुमच्यासाठी पुस्तकं बाजूला काढून ठेवू लागतील.

मुलीच्या वाचनाचं सांगते, कारण तुमच्या पत्रातली खरी काळजी तीच आहे. ती घरात बोलते अहिराणी, पुस्तकात मराठी, शाळेत इंग्रजी. तीन भाषांत तिला सांगितलं गेलं की तू बोलतेस ते चुकीचं. म्हणून ती तोंड उघडत नाही. तिचं बोलणं दुरुस्त करणं पहिले दोन महिने पूर्ण बंद. रोज तिला काहीतरी सांगायला लावा, कोंबडी कुठे गेली, आजी का चिडली, काहीही. ती सांगेल ते तुम्ही तिच्या वहीत जसंच्या तसं लिहा, अहिराणीतच. ‘पानी पडी राहिनं. आजी ओट्यावर बठेल शे.’ मग तिला ते वाचू द्या. ती अडणार नाही, कारण वाक्य तिचंच आहे, पुढचा शब्द काय ते तिला ठाऊक आहे. फक्त अक्षरांशी त्याची गाठ पडायची असते. तीन-चार आठवड्यांनी त्याच वाक्याखाली मराठी लिहा: ‘पाऊस पडतो आहे. आजी ओट्यावर बसली आहे.’ दोन्ही ओळी वाचायच्या आणि काय बदललं ते तिनेच शोधायचं. माझ्या धाकटीने अशीच एकदा ‘शे’ आणि ‘आहे’ची यादी काढली होती. व्याकरण शिकवायला मला त्याहून चांगलं काही सापडलं नाही. असोद्याच्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांच्या ओव्या राहिल्या त्या मुलाने, सोपानदेवांनी, आणि घरातल्यांनी ऐकून कागदावर उतरवल्या म्हणून. तुमच्या मुलीचंही आधी कोणीतरी उतरवून घ्यायला हवं. मग ती स्वतः लिहील.

इंग्रजीचा फार बाऊ नको. दोघंही इंग्रजी माध्यमातून आलीत, अक्षरं येतात. रोज 20 मिनिटं पुरेत: बिस्किटाचा पुडा, औषधाची बाटली, एसटीची पाटी, जे दिसेल ते वाचायचं आणि त्यातले पाच शब्द वहीत. गाडी मराठीवर रुळली की इंग्रजी आपोआप उचल खातं, हे मी चार घरांत पाहिलंय.

गणिताकडे मात्र नीट बघा, कारण इथे तुमच्या घरात न विकत घेता येणारं सामान पडलंय. सासूबाई म्हणतात ना डोकं फिरलंय? त्यांनाच गणिताच्या बाई करा. त्यांच्याकडे चिपटं, मापटं, पायली यांतलं एखादं माप नक्की असेल, निदान त्यांना ती तोंडपाठ असतील. चिपटं म्हणजे पाव शेर, मापटं अर्धा, अधोली दोन शेर, पायली चार शेर. ओट्यावर चादर पसरायची, दादर जातीची ज्वारी घ्यायची आणि मुलीला मोजायला बसवायचं: एका पायलीत किती मापटी? दोन चिपटी आणि एक मापटं मिळून किती? मापं नसतील तर दोन वाट्या आणि एक डबा घ्या. आमच्याकडे हे केलं तेव्हा धाकटी अर्ध्या तासात म्हणाली की पाव आणि पाव मिळून अर्धा होतो हे तिला ‘दिसलं’. शाळेच्या पुस्तकात 1/4 + 1/4 लिहिल्यावर 2/8 म्हणणारी पोरं मी ढिगाने पाहिलीत. ज्याने चिपटं ओतलंय ते असं म्हणत नाही. आणि आजींना पावकी-निमकी, म्हणजे पावाचे आणि अर्ध्याचे पाढे, येत असतील तर ते म्हणून घ्या. माझ्या सासऱ्यांना दीडकीपर्यंत यायची. मरेपर्यंत त्यांनी हिशेबाला कॅल्क्युलेटर धरला नाही.

मुलाचं गणित त्याच्या वडिलांकडे आहे. 11 वर्षांच्या पोराला शेकडेवारी कळत नाही कारण पुस्तकातला शेकडा कशाचाच नसतो. जिनिंगमध्ये तो कापसाचा असतो. 100 किलो कापूस ओटला की साधारण 33 ते 35 किलो रुई निघते, बाकी सरकी आणि थोडी घट. रुईची गाठ बांधतात ती 170 किलोची. आता रात्री जेवण झाल्यावर त्यांनी मुलाला विचारायचं: उतारा, म्हणजे शंभर किलोमागे निघणारी रुई, 34 धरला तर एका गाठीला किती कापूस लागेल? तो आधी 170 च्या तिप्पट करेल, 510 म्हणेल, मग 34 ने भागायला शिकेल आणि बरोबर 500 किलोवर येईल. पाच क्विंटल. मग पुढचा प्रश्न: उतारा 33 लागला तर? साधारण 515 किलो. एक टक्का खाली आला तर गाठीमागे 15 किलो कापूस जास्त जातो. मालक उताऱ्यावरून एवढी कटकट का करतात, ते पोराला कळेल आणि बापाचं काम काय असतं तेही. हे रोज 20 मिनिटं करायला यजमानांना सांगा. थकून येतात हे खरं आहे. पण मी पाहिलेल्या थांबलेल्या तिन्ही घरांत बाई एकटी होती.

पुस्तकातलं गणित सोडायचं असं मी म्हणत नाही. रोज सकाळी बालभारतीतली दहा उदाहरणं, वहीत, पायऱ्या मांडून. ओट्यावरचं आणि वहीतलं, दोन्ही.

विज्ञानासाठी एक सळई लागते. मी गवंड्याकडून वीतभर सळईचा तुकडा मागून आणला होता, फुकट. पोरांनी अंगणात शेणाने सारवलेल्या जागी तो रोवला आणि दोरीला दगड बांधून ओळंबा करून सरळ आहे का ते पाहिलं. मग साडेअकरापासून दर दहा मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडूने खूण. सगळ्यात आखूड सावली कधी पडते ते शोधायचं. मोठा ठामपणे म्हणाला बारा वाजता. पडली साडेबाराच्या सुमाराला. तो घड्याळावर चिडला, मग शेजाऱ्यांचं घड्याळ आणलं, मग मोबाइल. तेव्हा कुठे आम्ही नकाशा उघडला. भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश रेखावृत्ताची, मिर्झापूरकडची. आपण 75 अंशांच्या आसपास. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटं लागतात. साडेसात चोक तीस. पोरगं जमिनीवर बसलं होतं ते उठून उभं राहिलं. पूर्ण अर्धा तास! वर्षभरात ही वेळ दहा-पंधरा मिनिटं मागेपुढे सरकते. तेही त्याने पुढे खुणा करकरून काढलं.

हे मार्चमध्ये सुरू करा आणि आठवड्यातून एकदा करत राहा. दुपारची सावली दर आठवड्याला आखडत जाईल, आणि मेच्या शेवटच्या आठवड्यात, 25-26 तारखेच्या सुमाराला, ती सळईच्या बुडाशी गडप होईल. आपला भाग 21 अंशांच्या आसपास असल्याने सूर्य त्या दिवशी नेमका डोक्यावर येतो. उन्हाने डोकं तडकतं, पण पोरं हटत नाहीत. डोक्यावर ओला रुमाल टाका आणि पाच मिनिटांत आत घ्या. खरी गंमत त्यानंतर असते. जूनमध्ये ढग नसतील त्या दुपारी पाहा, सावली दक्षिणेला पडलेली दिसेल. ‘सावली उत्तरेला पडते’ असं पाठ केलेल्या पोरासमोर ती उलटी पडते, आणि जुलैच्या मध्यानंतर पुन्हा सरळ होते. माझ्या मुलाने त्या वर्षी वहीचं अख्खं पान फक्त ‘का?’ असं लिहून भरलं होतं. ते पान माझ्याकडे अजून आहे.

इतिहास-भूगोलाला ट्रंक उघडा. आमच्या घरच्या जुन्या खरेदीखतावर ‘जिल्हा पूर्व खानदेश’ असा शिक्का आहे. मुलांनी विचारलं हा कुठला जिल्हा. मग कळलं की 1906 साली खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले, महाराष्ट्र झाल्यावर ते जळगाव आणि धुळे झाले, आणि 1998 मध्ये धुळ्यातून नंदुरबार निघाला. एका कागदावरून शंभर वर्षं. सातबारा असेल तर तोही काढा. 40 गुंठ्यांचा एकर आणि 100 आरचा हेक्टर हे उताऱ्यावरच समजतं, पाठ करावं लागत नाही. पारोळ्याचा भुईकोट तर तुमच्या गावातच. मुलाला तटाच्या कडेने पावलं मोजत फिरवा आणि चौकटीच्या वहीत नकाशा काढायला लावा. तीन-चार वेळा चुकेल. चुकू द्या.

वर्षातून एक सहल करा, चाळीसगावजवळच्या पाटणादेवीची. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे आणि 5 ते 12 वर्षांच्या मुलांनाही, म्हणजे तिघांची दीड तिकिटं. दशम्या आणि ठेचा घरून न्यायचा. तिथल्या पाटणे गावात एक शिलालेख सापडला, शके 1128 चा. लीलावती लिहिणाऱ्या भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवायला तिथे मठ काढला आणि त्या मठाला काय काय नेमून दिलं ते त्यावर कोरलंय. त्यातला काही मजकूर जुन्या मराठीत आहे. बाजारात विकायला येणाऱ्या मालावरचा राजाकडे जाणारा हिस्सा मठाला, आणि जेवढे घाणे चालतात त्या प्रत्येकामागे पळी पळी तेल. घरी आल्यावर धाकटीने पळी घेतली आणि बुधल्यात किती पळ्या मावतात ते मोजलं. किती घाण्यांच्या तेलावर एक दिवा वर्षभर जळेल, हा हिशेब दोघं आठवडाभर घालत होती.

आता माझी मोठी चूक, ती तुमच्याकडून होऊ नये म्हणून. हे सगळं बोलत, बघत, मोजत चाललं की पोरं तोंडी फार हुशार होतात. आई खूश, पाहुणे खूश. मोठ्याला दहावीच्या आधी तीन तासांचा सराव पेपर दिला, तर सव्वा तासात त्याचा हात दुखून आला आणि निम्मे प्रश्न राहिले. उत्तरं सगळी येत होती. इतकी वर्षं मी त्याच्याकडून सांगून घेतलं, लिहून घेतलं नाही. त्या वर्षी आम्ही रोज घड्याळ लावून लिहीत होतो आणि तो रडकुंडीला यायचा. तुमच्या मुलाला आत्तापासून रोज 15 मिनिटं न थांबता लिहायला लावा, काय लिहिलं त्याला महत्त्व नाही. दर महिन्याला पाच मिनिटं वाढवा. मुलीला अजून वर्षभर नको, तिचा हात लहान आहे.

मित्रमैत्रिणींचं सगळे विचारतात. ‘पोरं एकलकोंडी होतील.’ गल्लीत संध्याकाळी शाळेची पोरं सुटतात, आपलीही सुटतात. गुलाबाईची गाणी, कानबाई, आखाजीचे झोके, लग्नं. खानदेशात पोर एकटं पडायला जागाच कुठे आहे? सकाळी दहा वाजता रस्त्यावर दिसलं की लोक ‘शाळेत का नाही गेला रे?’ विचारतात, त्याचं उत्तर मात्र पोरांना शिकवून ठेवा. माझी सांगायची, ‘जाऊन आले.’

दहावीचं. राष्ट्रीय मुक्त विद्यालय, म्हणजे एनआयओएस, याची माध्यमिक परीक्षा वयाला 14 पूर्ण झाली की देता येते. पाच विषय, मराठीतूनही देता येते, वर्षातून दोनदा परीक्षा, आणि एकदा नोंदणी केली की पाच वर्षांत नऊ संधी. सगळे विषय एकदम द्यायची सक्ती नाही. माझ्या मुलाने तीन आणि दोन असे केले. त्याआधी तिसरी, पाचवी, आठवीच्या बरोबरीच्या पातळ्याही त्यांच्याकडे आहेत. राज्याचंही मुक्त विद्यालय मंडळ आहे, पाचवी, आठवी आणि दहावीसाठी. शिवाय शाळेत न जाता बाहेरून दहावी द्यायचा राज्य मंडळाचा 17 नंबरचा फॉर्म, तिथे परत शाळा सोडल्याचा दाखला लागतो. तुमच्या मुलाला तीन वर्षं आहेत. आत्ता एवढंच करा: प्लास्टिकच्या एका फाइलमध्ये दाखला, जन्माचा दाखला, आधार, फोटो, आणि दर महिन्याच्या वहीतलं एक एक पान.

पाचशेचा हिशेब असा बसतो. वह्या-पेन दीडशे, वाचनालय आणि झेरॉक्स मिळून शंभर, मोबाइलचा डेटा तुम्ही तसाही भरताच. उरलेले अडीचशे डब्यात. त्यातून पाटणादेवी होईल, जूनची खरेदी होईल, आणि तीन वर्षांनी परीक्षेची फी भरायला घरात कोणापुढे हात पसरावा लागणार नाही. हंगामात यजमानांच्या हातात दोन पैसे खुळखुळले की काही विकत घ्यावंसं वाटेल. घेऊ नका, डब्यात टाका.

पुढचे पंधरा दिवस काहीच शिकवू नका. पोरं फीच्या तगाद्यातून आणि वर्गातल्या बोलण्यांतून बाहेर आलीत, त्यांना झोपू द्या, खेळू द्या. त्या पंधरा दिवसांत तुम्ही दाखल्याचा अर्ज द्या आणि वाचनालय शोधा. मग एका सकाळी मुलीला दुसरीच्या मराठीच्या पुस्तकातलं कुठलंही एक पान वाचायला द्या. मदत करायची नाही, रागवायचं नाही. कुठल्या अक्षराला अडते, जोडाक्षराला की मात्रेला, वेलांटी सोडते का, ओळ हरवते का, ते कागदावर जसं घडेल तसं टिपा आणि मला पाठवा. तिच्यासाठी कुठून सुरुवात करायची ते त्या कागदावरून सांगते.